चार मिनिटं

नोव्हेंबरात बेजिंगहून परिपत्रक येतं.
त्यात पुढच्या वर्षाचे सण असतात,
कुठला किती दिवसांचा
आणि कुठल्या रविवारी कामावर येऊन तो फेडायचा.
वांग साहेब ते भिंतीला डकवतात, थर्मासच्या वर.
मी आधी रविवार मोजते.
सुट्टी म्हणजे शेजारून आणलेली वाटीभर साखर,
वाटी परत करताना रिकामी देता येत नाही.

मी त्यान च्यूहुआ. च्यूहुआ म्हणजे शेवंती.
नवव्या महिन्यातल्या नवमीला जन्मले,
शेवंतीच्या सणाला.
त्या दिवसाला सुट्टी नाही.

टोलनाक्याची तीन नंबरची खिडकी माझी,
युआन नदीच्या वरच्या अंगाला.
बाकीच्या मार्गिकांना आता माणूस लागत नाही.
शरदातल्या चंद्राच्या सणाला टोल पडतो,
कबरी झाडायच्या दिवसांत माफ असतो,
वर्षाच्या सणाला आठ-नऊ दिवस दांडा वरच असतो
आणि मी हात मांडीवर ठेवून बसते,
पगारी.

त्या पाळीला दरवर्षी मलाच बसवतात.
"तुमचं काय, तुमचं तर कालच झालं!"
खरं आहे. आम्ही थुचिया.
आमचं वर्ष सगळ्यांच्या एक दिवस आधी संपतं.
आई सांगायची, कधीकाळी हुकूम आला,
समुद्रावर चाचे आलेत, उद्याच निघा,
म्हणून बायकांनी सण अलीकडे ओढला,
मुळा, टोफू, मांस, कोबी, सगळं एकाच पातेल्यात,
वेगवेगळं शिजवायला वेळ कुठे होता.
पुरुष जेवले आणि गेले.
किती परतले ते आई सांगायची नाही.
पातेलं मात्र अजून एकच.

बाबा तुंगक्वानला बुटांचे तळवे चिकटवायचे.
कारखाना परिपत्रकाप्रमाणे सुटायचा,
म्हणजे ते पोचायचे सगळ्यांच्या सणाला,
आमचा शिळा झाल्यावर.
आई त्यांचा वाडगा चुलीच्या उबेला झाकून ठेवायची
आणि आम्हाला दटावायची, आज जेवलो म्हणायचं नाही.
आम्ही पुन्हा जेवायचो, भुकेचं सोंग आणून.
बाबाही सोंग आणायचे,
त्यांना काय तारीख कळत नव्हती?

यंदा पहाटे चारला दार लावून जेवले, एकटीच,
आणि रात्री आठला खिडकीत बसले.
बाराला माफी सुरू होणार.
साडेअकरापासून गाड्या कडेला थांबू लागल्या,
दिवे मिचकावत, नाक्याच्या अलीकडे,
नदी उतरायची वाट बघणाऱ्या गुरांसारख्या.
दारं उघडून माणसं सिगरेटी ओढत होती,
एका पोराला झुडपापाशी मुतायला उभं केलं होतं.
पोलिसाने भोंग्यावर ओरडून पाहिलं,
मग तोही गप्प झाला. त्यालाही घर असणार.

तेवढ्यात त्या रांगेतून नाही, सरळ मधून
एक राखाडी गाडी आली, क्वांगतुंगचा नंबर,
मागच्या काचेला टेकलेलं पांघरूण,
पुढच्या सीटला पट्ट्याने बांधलेलं तेलाचं डबडं.
तीनशे सोळा युआन, मी म्हटलं.
आणि नियमात बसत नाही तरी म्हटलं,
चार मिनिटं थांबा, काही पडणार नाही.

त्याने फोन पुढे केला.
डोळे लाल, गालावर झोपेची सुरकुती.
"चार मिनिटांनी," तो म्हणाला, "उद्या होईल."
आणि बोली आमच्या डोंगराची.

मला विचारायचं होतं, कुठलं गाव,
कोणी पातेलं झाकून ठेवलंय.
पण यंत्राने टिंग केलं, दांडा उठला,
आणि त्याचे मागचे दिवे वळणाला गेले.
घाटातून अजून तासभर तरी.
म्हणजे तो पोचला नसणार वेळेत,
हे त्यालाही माहीत असणार.

मग बारा वाजले. दांडे सगळे वर.
कडेच्या गाड्या एकदम सुटल्या,
हॉर्न, हसणं, कुणीतरी खिडकीतून संत्रं फेकलं माझ्याकडे,
मी झेललं.
वांग साहेब स्क्रीन बघून म्हणाले,
"अकरा छप्पनला पैसे भरून गेला? येडा दिसतो."
मी म्हटलं, हो.

पावती तो न्यायला विसरला.
ती माझ्या कोटाच्या खिशात आहे, संत्र्याच्या सालीबरोबर.
शाई पुसट होत चाललीय.
पण तारीख बरोबर आहे.